दोन बंद सेटांतून एक

वास आधी आईला आला.

"काहीतरी जळतंय रे," ती म्हणाली आणि नॉबवरचा हात तिने मागे घेतला.

धाकटा आतल्या खोलीत गुडघ्यांना मलम चोळत बसला होता. दिवसभर उकिडवं बसून फरशा बसवायच्या म्हणजे संध्याकाळी गुडघे आपले राहत नसत. तो बाहेर येईपर्यंत सेटच्या वरच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली होती आणि बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज घोगरा होत होत बंद पडला. त्याने प्लग ओढला, खिडकी उघडली, मग आईकडे पाहिलं. ती खुर्चीत तशीच बसली होती. हात मांडीवर, तोंड सेटकडे.

"गेला का?"

"बघतो. फ्यूज असेल."

फ्यूज नाही, हे दोघांनाही कळत होतं. फ्यूज जाताना एवढा वास सोडत नाही.

सेट म्हणजे बाबांचा जुना स्टिरिओ रिसीव्हर. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच जड पेटीत, पुढे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर मुठीत मावतील असे गोल नॉब आणि वर हिरवट उजेडाची डायल. बाबा एका सभागृहात साउंड सांभाळायचे. ते सभागृह पाडायला काढलं तेव्हा भंगारात चाललेले एकाच मॉडेलचे दोन सेट त्यांनी उचलून आणले. दोन मुलगे, दोन सेट. थोरल्याच्या सेटचा ट्रान्सफॉर्मर काही वर्षांनी जळाला, तेव्हापासून तो त्याच्या दिवाणखान्यात नुसता शोभेला होता. धाकट्याचा मात्र रोज वाजायचा, आणि बाबांच्या मागे आई धाकट्याकडेच राहत असल्यामुळे तो आता आईचाच झाला होता.

आईची नजर काचबिंदूने गेली होती. एका डोळ्याला अंधार आणि उजेड एवढं समजायचं, बाकी काही नाही. पाणी हवं, चप्पल हवी, किती वाजले ते हवं, सगळ्यासाठी कुणाला तरी हाक मारायची. सेट तेवढा तिचा तिला जमायचा. भिंतीला हात लावत यायची, डावीकडचा खटका वर करायची, मोठा नॉब फिरवायची. तो नॉब असा वजनदार होता की एक झटका दिला की आपला आपण सरकत राहायचा, आणि कुठे बोट टेकवून थांबवायचं हे तिच्या हाताला पाठ होतं. तिथे सकाळची गाणी, इथे बातम्या, पार टोकाला ती परकी भाषा. ती भाषा तिला कळत नसे, पण ऐकायला आवडायची. त्या घरात आई कुणाचीही मिंधी न होता करत होती असं हे एकच काम होतं.

"आता नवीनच घ्या ना छोटासा," धाकट्याची बायको म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. पावसकाळी काम थंड होतं, गुडघ्यांचं औषध चालूच होतं. जुन्या वस्तू विकणाऱ्यांकडे तसाच सेट धाकट्याने मोबाइलवर शोधला, तर त्याची किंमत बघून त्याने मोबाइल उलटा ठेवला. जुनं म्हणून स्वस्त असेल, असा त्याचा आपला समज होता. आता जुन्याला शौकीन भेटले होते.

मग मोबाइलच्या दुकानातून एक चपटा, काळा डबा आणला. आवाज बरा होता. पण त्याला नॉब नव्हता. काचेवर बोट फिरवायचं, आणि मग पडद्यावर जे येईल ते वाचून पुढचं बोट लावायचं. आईने दोन-तीनदा काचेवर बोट ठेवलं. एकदा तो बंद झाला, एकदा कुठल्या तरी बाईच्या आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलला.

"चांगला आहे हं," आई म्हणाली, आणि उठून आत गेली.

त्यानंतर ती त्या डब्याजवळ फिरकली नाही. धाकटा कामावरून आला की ती खुर्चीत बसलेली दिसायची, भिंतीकडे तोंड करून. विचारलं तर म्हणायची, बसलेय जरा. त्या बसण्याने धाकट्याचं जेवणावरून मन उडालं. डबा त्याने परत केला आणि सेट गोणपाटात गुंडाळून रेडिओमावशीकडे नेला.

रेडिओमावशीचं दुकान मोबाइलच्या दोन झगझगीत दुकानांमध्ये चेपून बसवल्यासारखं होतं. नवऱ्याबरोबर काम करता करता ती शिकली होती, आणि तो गेल्यावर तिने शटर खाली ओढलं नाही. चष्मा दोरीने गळ्यात, केस घट्ट बांधलेले, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक पुन्हा येवो न येवो. तिने सेट उघडला, मीटरच्या दोन सुया इथेतिथे टेकवल्या आणि उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकला चिकटलेल्या एका काळ्या वडीवर नख वाजवलं.

"आउटपुटची आयसी गेलीय, स्पीकरला ताकद देते ती. बाकी सेट ठणठणीत आहे."

"मिळेल?"

"पाहिजे तेवढ्या मिळतील. सगळ्या डुप्लिकेट. वर छापलेलं नाव खरं, आतला माल खोटा. ही बनवायचं बंद होऊन जमाना झाला."

"पण एखादी चांगली निघते ना?"

"निघते. मी लावून देईन, पण जबाबदारी घेणार नाही. आणि अशी आयसी जाते तेव्हा एकटी जात नाही, स्पीकरला घेऊन जाते. त्यापेक्षा याच मॉडेलचा मेलेला सेट कुठे मिळतो का बघा. त्यातली ओरिजनल काढून लावू."

याच मॉडेलचा मेलेला सेट कुठे आहे हे धाकट्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच तो चटकन म्हणाला, "डुप्लिकेटच लावा."

रेडिओमावशीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पावती फाडली.

सेट घरी आला, वाजला. आईच्या चेहऱ्यावर रंग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाणं ऐकत असताना डाव्या स्पीकरमधून गोळी सुटल्यासारखा आवाज झाला, त्यामागून कानठळ्या बसवणारी घरघर. आई दचकून उठली, दिशा चुकली आणि टेबलाच्या कडेवर धडपडली. बायको धावत येईपर्यंत स्पीकरच्या कापडामागे धूर होता आणि आई जमिनीवर बसून नडगी दाबत होती. हाड वाचलं. पण नडगीवर वीतभर काळंनिळं झालं, आणि ते रोज दोन्ही वेळा धाकट्याला दिसत राहिलं.

"माझंच लक्ष नव्हतं," आई म्हणाली.

ती अशी म्हणाली की धाकट्याला वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

सेट पुन्हा रेडिओमावशीच्या काउंटरवर गेला. आता थोरल्याकडे जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि थोरल्याकडे तो आईच्या ऑपरेशनपासून गेला नव्हता. झालं होतं असं. आईला दिसायला अंधुक लागलं, तेव्हा धाकटा तिला घराजवळच्या डॉक्टरकडे न्यायचा. तो थेंब द्यायचा, थेंबांनी बरं वाटतंय असं आई सांगायची. थोरला दूर राहायचा, सणावारी यायचा आणि मोठ्या हॉस्पिटलात दाखव म्हणून सांगून जायचा. मोठं हॉस्पिटल म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, तपासण्यांचा खर्च वेगळा. बघू, बघू करत वेळ गेला. शेवटी नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नसते, आता उरलेली सांभाळायची. ऑपरेशनने तीही फारशी राहिली नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सांसमोर, थोरला म्हणाला होता, "आईचे डोळे तुझ्या चिक्कूपणाने घालवले."

धाकटा तेव्हा एक अक्षर बोलला नव्हता. नंतरही बोलला नाही. थोरला आईला फोन करायचा. फोन वाजला की धाकटा तो आईच्या हातात देऊन बाहेर निघून जायचा.

दार वहिनीने उघडलं. "अगंबाई, भावजी," एवढंच म्हणून ती बाजूला झाली. थोरला छापखान्यातून नुकताच आलेला दिसत होता, नखांच्या कडांना शाई होती. समोर कपाटावर तो दुसरा सेट. धुळीचा कण नाही, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चकचकीत. थोरला रोज पुसत असणार.

"आई बरी आहे ना?" थोरल्याने विचारलं.

"बरी आहे. सेट बिघडलाय."

"कळलं मला. फोनवर बोलली आई."

"त्याची आयसी गेलीय. तुझ्यातली मिळाली तर चालू होईल."

थोरल्याने नखाच्या कडेची शाई खरवडली. "एकदा दुरुस्त केला होतास ना? आई म्हणत होती, वाजला म्हणून."

"वाजला. मग गेला."

"का?"

वहिनी पाण्याचा पेला घेऊन मध्येच थांबली. धाकट्याला खोटं बोलता आलं असतं. पण नडगीचं थोरल्याला आज ना उद्या कळणारच होतं.

"डुप्लिकेट लावली होती."

थोरल्याने मान वर केली. तो जे म्हणणार ते धाकट्याने मनातल्या मनात आधीच ऐकलं. पण थोरला ते म्हणाला नाही. ओठ घट्ट मिटून त्याने नुसता श्वास सोडला. ते म्हणण्याहून वाईट होतं.

"बाबांची एवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे," तो शेवटी म्हणाला. "ती फोडायची?"

"फोडायची कशाला? एक पार्ट काढायचा."

"आणि तोही उडाला तर?"

धाकटा पाणी न पिताच उठला. जिन्यात वहिनीने त्याला गाठलं. "भावजी, मी सांगून बघते. पण माझ्या सांगण्याने ते उलट अडून बसतात, तुम्हाला ठाऊक आहे." धाकट्याने मान हलवली. खाली उतरताना गुडघ्यात कळ आली, कठड्याला धरून त्याला थांबावं लागलं.

वहिनीने सांगितलं की नाही कोण जाणे. रेडिओमावशीचा फोन आला तेव्हा धाकटा एका बाथरूमच्या उतारावर फरशी बसवत होता. "तुमचे बंधू आलेत दुकानात. सेट घेऊन. तुम्ही आल्याशिवाय उघडायचा नाही म्हणतात. लवकर या, माझा काउंटर अडलाय."

हात न धुताच तो निघाला.

थोरला स्टुलावर बसला होता, ताठ. मांडीवर चादरीत बांधलेला सेट, दोन्ही हात त्याच्याभोवती. धाकट्याचा सेट काउंटरवर उघडा पडलेला होताच. दोघांनी एकमेकांकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"आता मालक आलेत," रेडिओमावशी म्हणाली. "ठेवा इथे."

थोरल्याने गाठ सोडली. तिने झाकण काढलं. आत सगळं लख्ख होतं, फक्त ट्रान्सफॉर्मरभोवती करपल्याचा तपकिरी डाग. आयसी जागेवर होती. तिने नंबर वाचला, वळवून उजेडात पुन्हा वाचला.

"ओरिजनल आहे. चांगली असेलही, नसेलही. लावल्याशिवाय सांगता येत नाही."

"एक विचारतो," थोरला म्हणाला. "याची आयसी त्याच्यात जाते, तसा त्याचा ट्रान्सफॉर्मर याच्यात येतो ना?"

"येतो की."

"म्हणजे चालू सेट हाही होऊ शकतो."

धाकट्याचे कान तापले. थोरला इथे कशासाठी आला आहे ते आता त्याला समजलं.

"दादा, सेट आईसाठी हवाय."

"आईसाठीच म्हणतोय मी. माझ्याकडे जागा आहे, ही घरात असते. आई येऊ दे माझ्याकडे. सेट तिथे, आई तिथे. तुझ्याकडे ती पडली हे मला फोनवर कळतं, तेही तिच्या तोंडून निसटलं म्हणून."

"सेटच्या बदल्यात आई मागतोयस?"

"बदल्यात कोण म्हणतंय?"

"मग काय म्हणतोयस?"

"हळू," रेडिओमावशी म्हणाली. "शेजारी गिऱ्हाइकं आहेत. कुठला सेट चालू करायचा ते मी सांगणार नाही. दोन्हीला कष्ट सारखेच. तुमचं ठरलं की सोल्डरिंगचं आयर्न गरम करते." आणि ती दुसऱ्याच कुणाच्या टेबलफॅनची जाळी सोडवत बसली.

ते दोघे उभे राहिले. रस्त्यावरून एक टेम्पो मागे येत होता, त्याची टीट-टीट संपता संपेना. धाकट्याच्या डोक्यात रागाने घण पडत होते. पण त्या रागाखाली दुसरंही काही होतं. आई थोरल्याकडे जास्त सुखात राहील का, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटायची.

"आईलाच विचारू," तो म्हणाला.

थोरल्याला हे अपेक्षित नसावं. त्याने खिशातून मोबाइल काढला, आवाज मोठा केला, काउंटरवर ठेवला. धाकट्याच्या बायकोने उचलला, आईला दिला.

"आई, मी दुकानात आहे. धाकटाही आहे इथे."

"दोघं?" आई म्हणाली. "दोघं एका ठिकाणी आहात?"

थोरल्याने सगळं सांगितलं. नीट सांगितलं, वकिलासारखं नाही. सेट कुठलाही चालू होईल. तू माझ्याकडे ये. तुला तिथे काही कमी पडणार नाही. धाकट्याने मध्ये तोंड घातलं नाही. दोन्ही हात त्याने पाठीमागे धरले होते, आणि बोटांवरचं सिमेंट सुकून कातडी ओढत होतं.

"झालं तुझं बोलून?" आई म्हणाली. "आता ऐक. मी काही सेटबरोबर येणारी वायर नव्हे, की सेट जिथे लावाल तिथे मला लावाल. इथे खुर्चीपासून भिंत किती, भिंतीपासून दार किती, हे माझ्या पायाला समजतं. त्या दिवशी पडले ती घाबरून पडले, एरवी नाही आपटत मी कुठे. तुझ्या घरी मला पहिल्यापासून सगळं चाचपावं लागेल, आणि आता माझ्यात ती धमक नाही. येईन मी तुझ्याकडे. महिनाभर येईन. पण पाहुणी म्हणून येईन आणि परत जाईन. तुला वाईट वाटलं?"

"नाही," थोरला म्हणाला. त्याला वाटलं होतं, ते दिसत होतं.

"वाटू दे थोडं. आणि सेटचं म्हणशील तर तुझा आहे, द्यायचा तर दे, नाहीतर नको देऊस. मी गप्प बसून राहीन, त्यात काय." मग जरा थांबून, "डोकं शांत ठेवा दोघं," आणि फोन बंद.

रेडिओमावशीने जाळी खाली ठेवली होती. थोरल्याने आपल्या सेटच्या चकचकीत पट्टीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग सेट तिच्याकडे सरकवला.

"यातली काढा."

आयसीला खाली पितळी पायांची रांग होती, दाट, कंगव्याच्या दात्यांसारखी. एकेका पायावरचं कथील वितळवायचं, पंपाने ओढून घ्यायचं, पुढचा पाय. "एक जरी तुटला तर संपलं," रेडिओमावशी म्हणाली. "बोर्ड हलता कामा नये. तुम्ही धरा. तुम्ही टॉर्च मारा."

धाकट्याने बोर्ड धरला, थोरल्याने टॉर्च. दोन डोकी इतकी जवळ आली की थोरल्याचा श्वास धाकट्याच्या कानाला लागत होता. पंपाचा खट्, कथलाचा धूर, पुन्हा खट्. दुकानात एक गिऱ्हाईक डोकावलं, रेडिओमावशीने मान वर न करता हाताने त्याला घालवलं. शेवटचा पाय सुटत नव्हता. तिने आयर्न टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. आयसी तिरकी झाली, आणि धाकट्याला वाटलं आता गेलीच. मग ती अलगद तिच्या बोटांत आली.

दुसरीकडे बसवायला तेवढाच वेळ लागला. पाठीला पांढरी पेस्ट, स्क्रू, पुन्हा एकेक पाय कथलाने भरायचा. मग तिने भिंतीवरचा एक लाकडी बोर्ड काढला. त्यावर होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब.

"हा सिरीजचा बल्ब. वीज आधी यातून जाईल, मग सेटमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटेल. ठीक असेल तर एकदा पेटून मंद होईल." तिने प्लग लावला, हात बटणावर ठेवला. "लावू का?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले.

"बल्ब वाचवतो, पण दर वेळी वाचवतोच असं नाही. ही गेली तर दुसरी नाही. म्हणून विचारते. लावू?"

"दादा, तू सांग," धाकटा म्हणाला.

"सेट तुझ्याकडचा आहे. तू सांग."

"मी नाही सांगणार. मी सांगितलं आणि जळली, तर जन्मभर ऐकावं लागेल मला. आधीचंच अजून ऐकतोय."

हे इतकं सरळ बाहेर पडलं की धाकटा स्वतःच गोंधळला. थोरल्याच्या हातातली टॉर्च अजून चालूच होती, तिचा उजेड छतावर पडला होता.

"रागात म्हटलं होतं मी," थोरला म्हणाला.

"रागात म्हटलं म्हणून खोटं म्हटलं असं नाही ना."

"नाही." थोरला थांबला. "पूर्ण खरंही नाही. मला एवढं समजत होतं तर मी का नाही आलो तिला न्यायला? रजा होती माझी शिल्लक. तुला सांगून मोकळा व्हायचो. हे मला त्याच व्हरांड्यात कळलं होतं, तुला बोलताना. पण तोंडातून गेलं ते गेलं."

क्षमा वगैरे करण्याएवढं धाकट्याचं मन मोकळं झालं नव्हतं. पण व्हरांड्यापासून छातीवर जो धोंडा होता, त्याचं दुसरं टोक कुणीतरी उचलून धरल्यासारखं वाटलं.

"घरचं घरी बोला," रेडिओमावशी म्हणाली. आवाज मात्र मघासारखा तुसडा नव्हता. "लावू का?"

"लावा," दोघं म्हणाले. एकदम नाही, एकामागून एक.

तिने बटण दाबलं. बल्ब पेटला, लख्ख. तिघांच्या तोंडावर पिवळा उजेड पडला आणि तसाच राहिला. मंद होईना. रेडिओमावशीने बटण बंद केलं.

"गेली?" थोरला कोरड्या आवाजात म्हणाला.

तिने चष्मा चढवला, बोर्ड उलटा केला, टॉर्च स्वतःच घेतली आणि पायांच्या रांगेवरून नजर सावकाश नेऊ लागली. मध्येच थांबली. सुईच्या टोकाने काहीतरी खरवडलं. "हे बघा. दोन पायांच्या मध्ये कथलाचं कुसळ राहिलंय. माझी चूक." ती पुन्हा रांगेच्या सुरुवातीला गेली आणि शेवटपर्यंत आली. "आता विचारत नाही."

बल्ब पेटला. एक क्षण तसाच राहिला. मग आतली तार लाल झाली, अंधुक झाली, विझायला आलेल्या निखाऱ्यासारखी. हिरवी डायल उजळली. रेडिओमावशीने मीटरच्या सुया स्पीकरच्या खुंट्यांवर टेकवल्या, आकडा बघितला, दुसऱ्या बाजूला टेकवल्या. मग बल्ब बाजूला करून सेट थेट विजेवर लावला, आपला जुना टेस्टिंगचा स्पीकर जोडला आणि नॉबला झटका दिला. काटा सरकत गेला, खरखर, शिट्टी, आणि कुणीतरी मध्यापासून गाऊ लागलं.

थोरला स्टुलावर बसला. धाकट्याने काउंटर धरला.

तासभर वाजवून, हीटसिंकला हात लावून लावून, मग रेडिओमावशीने झाकण बसवलं. "एक स्पीकर तर गेलाच आहे तुमचा. सध्या एकावरच ऐका. गेलेल्याचा आतला कागदी कोन बदलून मिळतो, सवडीने आणा."

घरी दोन्ही सेट रिक्षाने आणले आणि थोरल्यानेच उचलून वर नेले. धाकट्याला जिना चढताना ओझं झेपलं नसतं. आईने दारातच विचारलं, "थोरला आत का येत नाहीये?" तेव्हा तो आत आला. आईने आधी सेटला हात लावला नाही, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी. "वाळलास," म्हणाली. मग धाकट्याने वायरी जोडल्यावर खुर्ची ओढली आणि खटका वर केला.

एकाच स्पीकरमधून आवाज येत होता, उजव्या. आईने मान थोडी त्या बाजूला वळवली आणि नॉब फिरवत राहिली, हवं ते ठिकाण मिळेपर्यंत. धाकट्याच्या बायकोने थोरल्याला जेवायला थांबायचा आग्रह केला. तो थांबला. जेवताना कुणी फारसं बोललं नाही, पण कुणी पानावरून उठलंही नाही.

निघताना थोरल्याने आपला पोकळ झालेला सेट चादरीत बांधला. बसथांब्यापर्यंत धाकटा सोबत गेला. चादरीचं एक टोक त्याने धरलं होतं.

"आईच्या डोळ्याचं प्रेशर कधी तपासायचंय?" थोरल्याने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात. मोठ्या हॉस्पिटलात."

"मी रजा टाकतो."

धाकट्याने चादरीचं टोक त्याच्या हातात दिलं. बस वळणावर दिसली. "सकाळी लवकर ये," तो म्हणाला. "तिथे नंबर लावायला फार रांग असते."